अण्णांची बाटली महिनाभर कशी पुरते?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ कळेल. वडील, ज्यांना तुम्ही अण्णा म्हणता, वय ६३, केज तालुक्यात गावी असतात. पाच वर्षं झाली, मिक्सचं इन्सुलिन (झटपट आणि सावकाश चालणारं, दोन्ही एकत्र) चालू आहे: सकाळी २०, संध्याकाळी १२ युनिट. तरी उपाशीपोटीची शुगर २८० च्या खाली उतरत नाही, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा आकडा, ११ च्या वर. तुम्ही पुण्याला नोकरीत. श्वासातून ओढायचं इन्सुलिन, आठवड्यातून एकदाच टोचायचं इन्सुलिन, रक्तातली साखर बघून आपोआप चालू-बंद होणारं इन्सुलिन असं बरंच वाचलंत, आणि यातलं अण्णांना काय सुरू करावं असं विचारलंत. खर्चाची तयारी आहे असंही लिहिलंत.

मी लातूरला फिजिशियन आहे, बावीस वर्षं झाली. ओपीडीत रोज निम्मे तरी शुगरचे पेशंट असतात. नव्या इन्सुलिनबद्दल सांगतोच, पण तुमच्या प्रश्नात एक ओळ सहज येऊन गेलीय आणि मी तिथंच थांबलो. तुम्ही लिहिलंय, ‘आत्ताच्या औषधाचा फार खर्च नाही, महिन्याला एक बाटली लागते.’

आता हिशोब करू. आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळणारी मिक्स इन्सुलिनची नेहमीची बाटली १० मिलीची असते आणि एका मिलीत ४० युनिट असतात. म्हणजे बाटलीत एकूण ४००. अण्णांचे दिवसाचे ३२. चारशे भागिले बत्तीस, साडेबारा दिवस. बाटली तेराव्या दिवशी संपायला हवी. ती महिनाभर पुरते, याचा अर्थ अण्णांच्या अंगात दिवसाला १३ युनिटच्या आसपासच जातंय. बाकीचं इन्सुलिन फक्त डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आहे.

असं दोन कारणांनी होतं. एक, सुई चुकते. शेतात गेले, लग्नाला गेले, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून ठेवून दिली. दुसरं कारण जास्त छुपं आहे, आणि तुमचा आकडा त्याच्याशी इतका तंतोतंत जुळतो की मला तेच आधी तपासावंसं वाटतं. सिरिंज चुकीची असणार.

इन्सुलिनच्या सिरिंजा दोन जातींच्या येतात. लाल टोपीची यू-४०, ती ४० च्या बाटलीसाठी. केशरी टोपीची यू-१००, ती १०० युनिट ताकदीच्या इन्सुलिनसाठी, जे आपल्याकडे मुख्यतः इन्सुलिन टोचायच्या पेनच्या काडतुसात येतं. दिसायला दोन्ही बहिणी-बहिणी. आता केशरी सिरिंजनं ४० च्या बाटलीतून ‘२०’ च्या खुणेपर्यंत ओढलं, तर आत येतं ०.२ मिली, म्हणजे खरे ८ युनिट. संध्याकाळचे १२ म्हणजे खरे ५ च्या आत. बेरीज १२.८. चारशेला १२.८ नं भागा: एकतीस दिवस. एक महिना.

तुम्हीच लिहिलंय की सिरिंजांचा डबा तुम्ही पुण्याहून ऑनलाइन मागवून पाठवता. मनाला लावून घेऊ नका. असे डबे घेऊन माझ्याकडे डॉक्टर, नर्स, मेडिकलवाले यांचे नातेवाईकही आलेत. आज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करा आणि आईला एक सिरिंज व बाटली कॅमेऱ्यासमोर धरायला सांगा. टोपीचा रंग बघा, नळीवर यू-४० लिहिलंय की यू-१०० ते बघा, बाटलीवर ‘४० आययू’ (आययू म्हणजे युनिट) आहे का बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण, आणि हे कृपा करून नीट वाचा, सिरिंज चुकीची निघाली तर लगेच लाल टोपीची आणून तोच आकडा टोचू नका. अण्णांच्या अंगाला आज १३ युनिटची सवय आहे. एका दिवसात ते ३२ झाले, तर अडीचपट डोस होऊन शुगर धोकादायक खाली पडू शकते. अण्णांच्या डॉक्टरांना फोन करून ‘सिरिंज चुकीची होती, खरा डोस इतका जात होता’ हे सांगा आणि नवा आकडा त्यांच्याकडून घ्या. मी असतो तर खऱ्या डोसच्या जवळपास सुरू केलं असतं आणि दर तीन-चार दिवसांनी शुगर बघत चढवत नेलं असतं. नेमका आकडा मी इथून देणार नाही. किडनी कशी आहे, जेवण किती आहे, बरोबर कोणत्या गोळ्या आहेत, यावर तो ठरतो, आणि हे काहीच माझ्यासमोर नाही.

ही भीती मी पुस्तकातून शिकलो नाही. औसा तालुक्यातल्या एक बाई माझ्याकडे यायच्या, पत्र्याच्या घरात राहणाऱ्या. शुगर हटत नव्हती. दर खेपेला मी ‘सुई घेता ना वेळेवर?’ विचारायचो, त्या ‘घेते की’ म्हणायच्या, आणि मी चार युनिट वाढवायचो. १८ चे ४६ झाले. पुढं त्या लेकीच्या बाळंतपणासाठी तिच्याकडं गेल्या. तिथं फ्रिज होता, नवी बाटली आणली, माझ्या चिठ्ठीवरचे ४६ टोचले. पहाटे घामानं अंथरूण भिजलं. लेकीला वाटलं, आई दमून झोपलीय. दवाखान्यात पोचल्या तेव्हा शुगर ३८. वाचल्या. नंतर कळलं, घरी बाटली चुलीच्या वरच्या फळीवर असायची, एप्रिल-मेमध्येसुद्धा. मेलेल्या इन्सुलिनवर मी डोस वाढवत बसलो होतो. ‘बाटली कुठं ठेवता?’ हे मी एकदाही विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्याकडं इन्सुलिनच्या प्रत्येक पेशंटला पिशवी घेऊनच यावं लागतं: बाटली, सिरिंज, वापरलेल्या सुया, सगळं. आणि शर्ट वर करून पोट दाखवावं लागतं.

पोट कशासाठी, तर गाठींसाठी. एकाच जागी वर्षानुवर्षं टोचलं की कातडीखालची चरबी फुगून घट्ट होते. सुपारीएवढी, कधी लिंबाएवढी. तिथं टोचलं तर दुखत नाही, म्हणून पेशंट हटकून तिथंच टोचतो. पण त्या गाठीतून इन्सुलिन रक्तात कधी जाईल, किती जाईल याचा भरवसा नसतो. आज दुपारी, उद्या मध्यरात्री. स्पेनमध्ये इन्सुलिन घेणाऱ्यांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ६४ टक्के लोकांना अशा गाठी सापडल्या. माझ्या ओपीडीत मोजले तर आकडा फार वेगळा येईल असं वाटत नाही. गाठ डोळ्यांना दिसेलच असं नाही, बोटांना साबण लावून चाचपावं लागतं. गाठ सोडून चांगल्या जागी टोचायला लागलं तरीही डोस कमी करावा लागतो, कारण तेच: आता सगळं पोचायला लागतं.

साठवणीबद्दल तुम्ही लिहिलंय की फ्रिज आहे, पण लाइट सहा-सहा तास नसते. त्यानं इतकं घाबरायचं कारण नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची, उघडलेली साधारण चार आठवडे बाहेर चालते, पण कंपनी त्यासाठी २५-३० अंशांची मर्यादा घालते. आपल्याकडे मेमध्ये रात्रीसुद्धा घरात तेवढं असतं. यावर एक उपयोगी काम झालंय. केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत घरांमधलं तापमान मोजून तेच चढ-उतार प्रयोगशाळेत इन्सुलिनला दिले गेले, २५ ते ३७ अंशांमध्ये, चार आठवडे. इन्सुलिनची ताकद टिकली. ‘सीमांविना डॉक्टर’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांचं हे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे ‘फ्रिज नाही म्हणून इन्सुलिन नको’ हे आता मी कुणालाच म्हणत नाही, ऊसतोडीला जाऊन सहा महिने कोपीत राहणाऱ्यांनाही नाही. पण ३७ च्या वर ती खात्री नाही, आणि पत्र्याखाली दुपारी ३७ म्हणजे काहीच नाही.

उपाय आपल्या घरातच आहे. मोठ्या माठात ओली वाळू, तिच्यात लहान मडकं, मडक्यात प्लॅस्टिकच्या डबीत बाटली, वर ओलं फडकं. वाळूत सकाळ-संध्याकाळ पाणी. आपली हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून पाणी झपाट्यानं उडतं आणि मडकं बाहेरच्यापेक्षा बरंच गार राहतं. कोकणात हा प्रयोग इतका जमायचा नाही. माळवदाचं घर असेल तर आतल्या खोलीतली देवळीही बरी. एक उलटी चूकही सांगून ठेवतो: जास्त गार राहावं म्हणून बाटली बर्फाच्या कप्प्यात किंवा त्याला चिकटून ठेवतात. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर ठीक दिसलं तरी फेकायचं. उष्णतेनं इन्सुलिनचे रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. मिक्सच्या बाटलीत कण तरंगताना किंवा काचेच्या आतून पांढरा थर बसलेला दिसला तर ती गेली. मात्र ताकद गेलेली प्रत्येक बाटली अशी दिसत नाही. आणि मिक्सची बाटली दोन्ही तळव्यांत धरून हलक्या हातानं वीसएक वेळा फिरवायची, दुधासारखी एकसारखी होईपर्यंत. खडखडून हलवायची नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो.

ओढायचं इन्सुलिन ही कल्पना जुनी आहे. २००६ मध्ये एक्झुबेरा नावानं अमेरिकेत आलं, फायझरनं पुढच्याच वर्षी मागं घेतलं. यंत्र हातभर, विक्री नाही. मग २०१४ मध्ये अफ्रेझाला तिथं मंजुरी मिळाली. ही कोरडी पूड आहे, यंत्र शिट्टीएवढं, आणि फुप्फुसाचा पृष्ठभाग प्रचंड मोठा व पातळ असल्यानं इन्सुलिन मिनिटांत रक्तात जातं. २०२४ च्या डिसेंबरमध्ये भारतातही त्याला परवानगी मिळाली. औषध चांगलं आहे. पण ते जेवणाच्या वेळचं आहे, झटकन चढणारं आणि झटकन उतरणारं. रात्रभर, दिवसभर जे पायाभूत इन्सुलिन लागतं ते त्यातून मिळत नाही, आणि अण्णांची अडचण उपाशीपोटीची आहे. शिवाय दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असेल तर ते देतच नाहीत, सुरू करण्याआधी फुंकून करायची फुप्फुसाची तपासणी लागते, आणि बिडी ओढणाऱ्यांना किंवा नुकतीच सोडलेल्यांना नको असं कंपनीच सांगते. अण्णांनी बिडी दिवाळीनंतर सोडली म्हणता. त्यांचं अभिनंदन, पण हे त्यांच्यासाठी नाही. आपल्या खेड्यातल्या बायांनाही, ज्यांनी तीस-चाळीस वर्षं चुलीचा धूर गिळलाय, मी हे फार जपून देईन.

आठवड्याच्या इन्सुलिनचं नाव आयकोडेक. त्याचा रेणू रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि हळूहळू सुटत राहतो, म्हणून वर्षाला ३६५ ऐवजी ५२ सुया. युरोपनं २०२४ मध्ये मंजुरी दिली. अमेरिकेच्या औषध खात्यानं त्याच वर्षी जुलैमध्ये दिली नाही. टाइप १ च्या, म्हणजे ज्यांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही अशा रुग्णांमध्ये शुगर खाली जाण्याचा धोका हा त्यातला कळीचा मुद्दा होता. मला हे औषध मनापासून आवडतं. गावातली आशाताई किंवा नर्स आठवड्यातून एकदा येऊन टोचून गेली, तर सिरिंज, खूण, गाठ हे सगळे घोळ तिच्या हाताखाली येतील. पण एकदा टोचलं की आठवडाभर ते परत काढता येत नाही. एकादशी आहे, जुलाब लागलेत, पेरणीत दोन दिवस धड जेवण नाही, तरी ते काम करतच राहणार. आणि अण्णांना खरा डोस किती लागतो हेच आज कुणाला माहीत नाही. माप माहीत नसताना आठवड्याचं एकदम ओतायचं, हे मला पटत नाही.

गोळीचं तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा कुणीतरी विचारणारच. इन्सुलिन हे ५१ अमिनो आम्लांचं प्रथिन आहे. पोटात गेलं की डाळीसारखं पचतं. २०२३ च्या जानेवारीत ओरामेड या इस्रायली कंपनीच्या कॅप्सूलची मोठी चाचणी अपयशी ठरली. मग सेमाग्लुटाइड या शुगरच्या दुसऱ्या औषधाची गोळी कशी चालते? तिच्यात पोटाच्या अस्तरातून वाट काढून देणारा एक घटक आहे, तरीही रक्तात जातं जेमतेम एक टक्का, म्हणून सुईतून आठवड्याला १ मिलिग्रॅम देतात तिथं गोळीतून रोज १४. आज थोडं जास्त शोषलं, उद्या थोडं कमी, तरी चालतं, कारण ते औषध आठवडाभर अंगात राहतं आणि चढ-उतार सपाट होतात. इन्सुलिनला ही चैन नाही. आज दुप्पट शोषलं तर आजच रात्री शुगर पडेल.

आणि हुशार इन्सुलिन, म्हणजे साखर बघून आपोआप चालू-बंद होणारं. यातलं सगळ्यात सुंदर काम २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलं. रेणूलाच एक कडी आणि कोयंडा बसवलाय. रक्तात साखर कमी असली की रेणूवरचा साखरेसारखा तुकडा कडीत अडकतो आणि इन्सुलिन गप्प बसतं. साखर वाढली की खरी साखर त्या तुकड्याला ढकलून कडीत शिरते आणि इन्सुलिन मोकळं होतं. हे खरंच माणसांत चाललं तर माझी निम्मी भीती जाईल. पण ते उंदीर आणि डुकरांवर दाखवलंय. अतिसूक्ष्म सुयांचा पॅच, जो २०२० मध्ये गाजला, तोही डुकरांवर. या बातम्या ‘मधुमेहींची सुईतून सुटका’ अशा मथळ्यानं येतात आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं चार जण सुई बंद करून येतात. त्या मथळे लिहिणाऱ्यांना एकदा माझ्या ओपीडीत बसवायचंय.

थोडक्यात, सध्या औषध बदलू नका, ते पोचतंय का ते बघा. दोन-तीन महिने खरा डोस खऱ्या जागी गेल्यावरही एचबीएवनसी उतरलं नाही, तर मग मिक्स सोडून रात्रीचं लांब चालणारं इन्सुलिन, बरोबर गोळ्या किंवा दुसरं काही, हा विचार करायचा.

खर्चाची तयारी आहे म्हणालात, तर पहिला पैसा दंडावर लावायच्या शुगरच्या सेन्सरवर घाला. १४ दिवस चालतो, दर काही मिनिटांनी आकडा देतो, आणि योग्य जोडणी केली तर अण्णांची शुगर तुम्हाला पुण्यात फोनवर दिसते. कायम लावायची गरज नाही. नवा डोस सुरू होईल त्याच दिवशी लावा, कारण पहाटे शुगर पडण्याचा धोका त्याच दोन आठवड्यांत जास्त. उन्हाळ्यात घामानं निघतो, वरून चिकटपट्टी मारा. त्यानं कमी शुगर दाखवली आणि अण्णा ठीक दिसत असले तर बोटातून तपासून खात्री करा. घाम, थरथर, बरळणं असेल तर तपासायला थांबू नका, तीन चमचे साखर पाण्यात घालून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. शुद्ध नसेल तर तोंडात काही ओतायचं नाही, सरळ १०८.

हे आईंना फोनवर सांगू नका, समोर बसून दाखवा. आणि तेव्हाच आणखी एक बघा. सुई आई भरतात असं लिहिलंय, आणि त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ‘पुढच्या वर्षी करू’ असंही. नळीवरची बारीक खूण त्यांना दिसते का, हे त्यांना विचारू नका, ‘दिसतंय की’ म्हणतील. रिकामी सिरिंज हातात द्या, पाणी भरून बारापर्यंत ओढायला सांगा आणि तुम्ही मोजा.